चिंचिला दत्तक घ्यायचा की नाही: प्राणी बघायला जाण्याआधी घरीच करायची तालीम

चिंचिला हा उंदीर-खारींसारखा कुरतडणारा, दाट फरचा लहान प्राणी. त्याच्या अंगावरून एकदा हात फिरला की पुढचा विचार करणं अवघड होऊन बसतं. केसाच्या एकेका मुळातून साठेक केस उगवलेले असतात, आणि ती फर इतकी मऊ लागते की बोट नेमकं कधी टेकलं तेही कळत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की आधी प्राणी बघायला जाऊ नका. सगळ्या घरादाराला घेऊन तर नकोच. मुलांनी तो पाहिला, त्याचं नाव ठरवलं, की उरलेल्या प्रश्नांची उत्तरं आपण मनासारखी देत सुटतो.

त्याऐवजी महिनाभर घरातच तालीम करा. खालच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम लावलेला आहे. ज्या गोष्टींवर इलाज नसतो त्या आधी, पैसे आणि मेहनत घालून जमवता येतात त्या नंतर. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच नकार आला तर तिथेच थांबा. पुढचं सगळं जमत असलं तरी त्याने हा नकार भरून निघत नाही.

पायरी १: खोलीचा उष्मा मोजा

चिंचिला मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. उंचावरची, कोरडी, थंड, खडकाळ जागा हे त्याचं घर, आणि त्याचं सगळं शरीर तिथल्या हवेसाठी घडलेलं. आपल्यासारखा घाम त्याला येत नाही. अंगावरची दाट फर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. जास्तीची उष्णता बाहेर टाकायला त्याच्याजवळ मुख्यतः ते मोठे, पातळ कान आहेत.

१९२३ मध्ये मॅथियास चॅपमन नावाच्या अमेरिकन खाण अभियंत्याने चिलीहून ११ चिंचिला कॅलिफोर्नियाला नेले. आज माणसांकडे असलेल्या चिंचिलांपैकी बहुतेकांची वंशावळ या लहानशा कळपापर्यंत जाऊन पोचते. डोंगरावरून त्यांना एकदम खाली आणलं तर ते जगणार नाहीत हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने त्यांना टप्प्याटप्प्याने खाली उतरवलं आणि बोटीवर त्यांच्या पिंजऱ्यांना बर्फाचा गारवा दिला. शंभर वर्षं झाली, पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात गेल्या, पण उष्णतेच्या बाबतीत चिंचिला होता तिथेच आहे.

त्याला १५ ते २१ अंश सेल्सियस तापमान मानवतं. २५ च्या वर धोका सुरू होतो आणि हवा दमट असेल तर तो त्याआधीच येऊन ठेपतो. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर उत्तम. या आकड्यांमध्ये ‘थोडं चालतं’ असा हिशेब करू नये. उष्माघात झालेला चिंचिला काही तासांत जाऊ शकतो.

मग करायचं काय? तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं साधं यंत्र घ्या आणि पिंजरा जिथे ठेवणार तिथे, त्याच उंचीवर ठेवा. दोन आठवडे सकाळी, भर दुपारी आणि रात्री आकडे लिहून काढा. हे वर्षातल्या सर्वांत गरम दिवसांत करता आलं तर फारच चांगलं. हिवाळ्यात घेतलेल्या नोंदीवर निर्णय घ्यायचाच नाही. आकडे २५ च्या वर जात असतील तर एअर कंडिशनर लागणार, तोही माणसं घरात असतील तेव्हाच लावून भागणार नाही. गरमीच्या दिवसांत चोवीस तास. त्यापुढचा प्रश्न असा, की वीज गेली आणि घरात कोणी नसलं तर? शेजारी किंवा नातेवाईक धावून येईल का, दुसऱ्या थंड जागी हलवायची सोय आहे का? नुसत्या पंख्याचा भरवसा धरू नका. पंखा आपल्याला गार वाटतो तो घाम वाळतो म्हणून, आणि चिंचिलाला घामच नाही.

कान लालबुंद होणं, आडवं पडून भराभर श्वास घेणं, तोंडातून लाळ येणं ही खुणेची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवीत. खोली थंड ठेवायची खात्री नसेल तर उत्तर ‘नाही’ हेच आहे.

पायरी २: वर्षं मोजा

चांगला सांभाळ झाला तर चिंचिला १० ते २० वर्षं जगतो. हॅमस्टर दोन-तीन वर्षांत जातो, म्हणून लहान प्राणी म्हणजे थोड्या वर्षांची जबाबदारी असं आपण धरून चालतो. इथे तसं नाही.

एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाचं आजचं वय लिहा आणि त्यापुढे १५ मिळवून दुसरा आकडा. आठ वर्षांची मुलगी तेवीस वर्षांची होते. ती तेव्हा घरात असेलच असं नाही, आणि असावी अशी अपेक्षाही बरोबर नाही. म्हणजे प्राणी ‘मुलीसाठी’ आणला तरी सांभाळणारा कोणी मोठा माणूसच असणार. तो कोण, हे नावानिशी ठरवा. ‘आपण सगळे मिळून बघू’ हे उत्तर मी तरी मान्य करणार नाही.

पायरी ३: मिठीचा प्रश्न

माझ्या दृष्टीने या सगळ्या लेखातली महत्त्वाची पायरी हीच, कारण बहुतेक घरांत अपेक्षाभंग इथे होतो.

चिंचिला दिसतो मांडीवर घेऊन बसावं असा, पण बहुतेक चिंचिलांना धरून ठेवलेलं आवडत नाही. जंगलात ते शिकार होणारे प्राणी. वरून येणारा हात म्हणजे त्यांच्या लेखी झडप. घाबरला तर पकडलेल्या जागचा केसांचा पुंजका तो सोडून देतो आणि निसटतो. पुंजका आपल्या मुठीत राहतो, त्याच्या अंगावर टक्कल पडतं आणि ती जागा भरून यायला महिने लागतात. बरगड्या नाजूक असतात, घट्ट आवळल्या तर इजा होते. मादी फारच चिडली तर मागच्या दोन पायांवर उभी राहून लघवीची पिचकारी मारते. चावणं कमी, पण अशक्य नाही.

याउलट, जमिनीवर शांत बसून राहणाऱ्या माणसाकडे तोच चिंचिला आपणहून येतो. आधी मिशांनी चाचपतो, मग बाही ओढतो, गुडघ्यावर उडी मारतो, खांद्यावर जाऊन कानाशी हुंगतो आणि दुसऱ्या क्षणी पसार. हे सुख फार मोठं आहे. मात्र ते त्याच्या वेळेने मिळतं, आणि तिथवर पोचायला कधी आठवडे लागतात, कधी महिने.

मुलांसोबत याची तालीम करता येते. रोज पंधरा मिनिटं सगळ्यांनी एका खोलीत जमिनीवर बसायचं, हळू बोलायचं, अचानक उठायचं नाही. ऐकायला पोरखेळ वाटेल, पण दहा दिवस करून बघा. सहा वर्षांच्या मुलाला हे जमत नसेल तर त्यात त्याची काही चूक नाही, ते वयच उड्या मारायचं. अशा घरात दोन-चार वर्षं थांबावं. साधारण आठ-दहा वर्षांच्या पुढची, शांत स्वभावाची मुलं मोठ्यांच्या नजरेखाली चिंचिलाशी छान मैत्री करतात. गवत भरणं, पाणी बदलणं, वजनाची वही ठेवणं ही कामं त्यांना मनापासून आवडतात. उचलणं मात्र मोठ्यांकडेच असावं: एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि प्राणी आपल्या अंगाशी टेकवलेला.

मुलांना कुशीत घ्यायलाच प्राणी हवा असेल तर चिंचिला तो प्राणी नव्हे. हे आत्ताच कबूल केलेलं बरं.

पायरी ४: रात्र आणि घरातले बाकीचे

चिंचिला संध्याकाळी जागा होतो आणि रात्रभर कामात असतो. उड्या, लाकूड कुरतडणं, चाकावर धावणं, आणि मध्येच काही खटकलं तर खणखणीत भुंकल्यासारखा आवाज. म्हणून मुलांच्या झोपायच्या खोलीत पिंजरा नको. दिवसा उलट प्रश्न: तो झोपलेला असताना टीव्ही, भांडी, पाहुणे यांच्या मधोमध नको. थेट ऊन नको, खिडकीचा झोत नको, स्वयंपाकघराची वाफ तर मुळीच नको. अशी जागा घरात सापडते का ते आधी बघा. छोट्या घरात नाही सापडत कधीकधी.

कुत्रा-मांजर असेल तर चिंचिलाच्या खोलीचं दार बंद राहणार हे पक्कं धरा. कुत्रा कितीही गरीब असला तरी त्याच्या नुसत्या वासाने आणि हालचालीने चिंचिला सतत ताणात राहू शकतो. ससा किंवा गिनीपिग यांच्याबरोबर एका पिंजऱ्यात ठेवायचं नाही. त्यांचा आहार वेगळा, वागण्याची भाषा वेगळी, आणि काही रोगजंतू सशाला त्रास न देता त्याच्या अंगात राहतात पण चिंचिलाला आजारी पाडतात.

पायरी ५: वैद्य आधी, चिंचिला नंतर

कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर चिंचिलाच्या बाबतीत अडू शकतात, कारण हा प्राणी त्यांच्यापुढे क्वचित येतो. आत्ताच फोन करून तीन गोष्टी विचारा. चिंचिलावर उपचार केले आहेत का? दाढा तपासण्यासाठी भूल देणं आणि डोक्याचा एक्स-रे काढणं जमतं का? रात्री-अपरात्री अडलं तर कोणाकडे जायचं?

एक प्रश्न आणखी, तो आपल्या माहितीसाठी: कोणती अँटिबायोटिक तोंडावाटे देत नाहीत? पेनिसिलीन गटातली औषधं आणि क्लिंडामायसिन चिंचिलाला तोंडाने दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून जीव जाऊ शकतो. जाणता वैद्य याचं उत्तर लगेच देतो.

दातांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चिंचिलाच्या दुखण्यांत दात वरच्या क्रमांकावर येतात. त्याचे वीसच्या वीस दात, पटाशीचे आणि दाढाही, जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दात तर वर्षाला पाच-सात सेंटीमीटर वाढतात. गवत चावताना ते झिजतात आणि मापात राहतात. झीज कमी पडली की दाढांना टोकं येतात, गालाला-जिभेला टोचतात, मुळं जबड्यात आणि डोळ्याकडे सरकतात. हनुवटी ओली, डोळ्यातून पाणी, खाता खाता घास टाकून देणं, मऊ तेवढंच निवडून खाणं ही त्याची लक्षणं. मुळांपर्यंत गेलेलं दुखणं बहुधा पूर्ण बरं होत नाही, वेळोवेळी भूल देऊन दात घासून कमी करावे लागतात. याचा खर्च प्राण्याच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकतो. त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवता येईल का, हे दत्तक घेण्याआधी बोलून घ्यावं.

आणखी एक नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा: चिंचिलाने अर्धा दिवस काही खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याचं आतडं थांबलं की प्रकरण झपाट्याने बिघडतं. त्याला उलटीही करता येत नाही.

पायरी ६: रोजच्या कामाची रंगीत तालीम

खाणं साधं आहे, आणि ते साधंच ठेवायचं असतं. टिमोथीसारखं चांगल्या प्रतीचं वाळवलेलं गवत दिवसरात्र हवं तेवढं. चिंचिलासाठीच्या साध्या गोळ्या म्हणजे पेलेट्स, दिवसाला एक-दोन मोठे चमचे. बाटलीत ताजं पाणी. बस्स. शेंगदाणे, बिया, मनुका, बिस्किटं, गोड फळं देऊ नयेत. तो आनंदाने खातो म्हणून देण्याचा मोह होतो, पण त्याचं पोट निकस डोंगराळ गवतासाठी बनलेलं आहे. रंगीबेरंगी दाणे मिसळलेलं खाद्यही टाळा, तो त्यातलं नको तेच वेचून खातो.

आंघोळ पाण्याची नाही, धुळीची. इतक्या दाट केसांत पाणी शिरलं तर ते तळापर्यंत वाळत नाही, अंग गार पडतं, बुरशी धरते. म्हणून आठवड्यातून दोन ते चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं, चिंचिलासाठी मिळणारी अतिबारीक माती एका भांड्यात द्यायची. समुद्राची किंवा बांधकामाची वाळू चालत नाही, टाल्कम पावडरही नाही. आंघोळ झाली की भांडं बाहेर काढायचं, नाहीतर डोळे चुरचुरतात. तो त्या धुळीत गिरक्या घेतो ते दृश्य कितीदा पाहिलं तरी पुरे होत नाही. धूळ मात्र खोलीभर बसते.

म्हणूनच तालमीत गवताची एक छोटी पिशवी आणून घरात उघडी ठेवा आणि आंघोळीची माती एकदोनदा भांड्यात हलवून बघा. घरात दमा, शिंका, डोळे खाजणं असं कोणाला असेल तर ते या आठवड्यात कळेल. प्राणी घरी आल्यावर कळलं तर त्याला पुन्हा दुसरं घर शोधावं लागतं.

रोज संध्याकाळी अर्धा तास गवत-पाणी-साफसफाईसाठी राखून बघा. त्यावर आणखी तासभर, कारण पिंजऱ्याबाहेर हुंदडायला त्याला सुरक्षित खोली आणि सोबतीला जागा माणूस लागतो. चार्जरच्या वायरी, लाकडी कपाटांचे कोपरे, सोफ्यामागची फट हे सगळं त्याच्या दातांच्या वाटेत येतं. खोलीत एकदा रांगून या, म्हणजे कळेल काय काय झाकावं लागणार आहे. सुट्टीत गावाला जाताना हे काम कोण करणार, हेही याच आठवड्यात विचारून ठेवा.

पायरी ७: पिंजरा

उंच, मजल्यांचा, धातूचा. फळ्या सलग आणि लाकडाच्या, जाळीच्या नकोत, जाळीवर बसून तळपायांना जखमा होतात. फळ्या अशा आलटूनपालटून लावायच्या की पाय घसरला तरी दोन फुटांपेक्षा जास्त पडणार नाही. प्लॅस्टिक नको, तो कुरतडून गिळतो आणि आतडं तुंबतं. भट्टीत वाळवलेलं साधं पाइन, सफरचंद किंवा विलो चालतं. सीडर नाही. चाक द्यायचं तर सलग पृष्ठभागाचं आणि निदान ३८ सेंटीमीटर व्यासाचं, लहान चाकात पाठ वाकते. लपायला एक खोपटं हवंच.

पिंजऱ्यावर काटकसर करू नका. चिंचिलाचं बहुतेक आयुष्य त्यातच जाणार आहे.

पायरी ८: एक की दोन

जंगलात चिंचिला वसाहत करून राहतात, त्यामुळे सोबत असावी असं माझं मत आहे. पण दोन अनोळखी चिंचिला एकदम एका पिंजऱ्यात सोडले तर जीवघेणी भांडणं होतात. आठवडे-महिने शेजारशेजारच्या पिंजऱ्यांतून ओळख करावी लागते, आणि तरी कधीकधी जुळत नाही. म्हणून आधीपासून एकत्र राहणारी, एकाच लिंगाची जोडी दत्तक मिळत असेल तर ती सर्वांत चांगली. अशी जोडी तोडून त्यातला एकच मागू नये. नर-मादी जोडी नको: गरोदरपण सुमारे १११ दिवसांचं असतं, आणि पिल्लू झाल्या झाल्या मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. त्या पिल्लांना घरं शोधणं हे आणखी एक काम.

पायरी ९: कोणाकडून घ्यायचा

इथवर सगळीकडे ‘हो’ आलं असेल तर आता प्राणी बघायला जा. दुकानातल्या पिल्लापेक्षा दत्तक केंद्रातला किंवा कोणाला नाइलाजाने द्यावा लागत असलेला मोठा चिंचिला मी सुचवेन. त्याचा स्वभाव समोर दिसतो, लिंग पक्कं कळतं, दातांचा इतिहास विचारता येतो. शिवाय त्याला घराची गरज आहे. फरसाठी चिंचिलांची इतकी शिकार झाली की १९१० मध्ये अँडीजमधल्या देशांना करार करून ती थांबवावी लागली. तरी आज चिंचिलाच्या दोन्ही वन्य जाती संकटग्रस्त आहेत, त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. पाळीव पैदाशीच्या चिंचिलांना त्यातून सूट आहे, पण तुम्ही राहता तिथले पाळण्याचे नियम वेगळे पाहून घ्या.

शक्यतो संध्याकाळी जा, तो जागा असताना. पटाशीचे दात पिवळे-नारिंगी हवेत. पांढरे दात सुंदर दिसले तरी ते आजाराचं चिन्ह असू शकतं. हनुवटी कोरडी, डोळे टपोरे आणि स्वच्छ, लेंड्या कोरड्या आणि सारख्या आकाराच्या. नाक, कान, पंजे यांच्याभोवती केस गळून खपल्या धरल्या असतील तर तो नायटा असू शकतो आणि तो माणसांनाही होतो. फर जागोजागी कुरतडल्यासारखी आखूड असेल तर विचारा कधीपासून आहे, ते बहुधा ताणाचं लक्षण असतं. वजन करायला सांगा. मोठा चिंचिला साधारण ४०० ते ६०० ग्रॅमचा असतो, पण फरमुळे हाडकुळाही गुबगुबीत दिसतो.

देणाऱ्याला एवढंच विचारा: का देताय? आत्ता नेमकं काय खातो? वैद्याची कागदपत्रं आहेत का? आणि त्या उत्तरांशिवाय घाई करणाऱ्याकडून घेऊ नका.

पायरी १०: पहिला आठवडा

थंड वेळी प्रवास करा. जुनंच खाद्य सोबत मागून घ्या आणि नवीन हळूहळू, आठ-दहा दिवसांत बदला. पहिल्याच दिवसाचं वजन वहीत लिहा, मग दर आठवड्याला त्याच काट्यावर. दुखणं बाहेर दिसण्याआधी वजनात दिसतं.

घरी पोचलात की वाहतुकीचा डबा पिंजऱ्यात ठेवून त्याचं दार उघडा आणि हात बाहेर काढा. गवत आहे, पाणी आहे, दिवा मंद आहे एवढं बघा. मुलांना दारातूनच एकदा बघू द्या, आणि मग सगळे बाहेर या. रात्री उशिरा कधीतरी आतून गवत चावल्याचा आवाज येऊ लागेल.